गिनीपिगची जोडी दत्तक घेताय? आधी गवताचा आणि मे महिन्याचा बंदोबस्त करा

आपल्याकडे खास गिनीपिगसाठी काढलेलं शेल्टर शोधायला गेलात तर बहुतेक हाती काही लागणार नाही. कुत्र्यामांजरांच्याच शेल्टरमध्ये एका कोपऱ्यात त्यांचा पिंजरा असतो, नाहीतर रेस्क्यू करणारं कुणीतरी स्वतःच्या घरी फॉस्टर म्हणून सांभाळत असतं. आणि तिथे येणारे गिनीपिग बरेचदा कुणाच्यातरी वाढदिवसाची गिफ्ट असतात, क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा जवळच्या पेट शॉपमधून आणलेली, मग शाळा सुरू झाली, घरात वास येतो म्हणून आजी ओरडली, आणि दोघांची रवानगी खोक्यातून शेल्टरला. त्यामुळे तुम्ही घेणार असाल तर चांगलंच आहे, पण मुलांना जबाबदारी शिकवायची म्हणून घेत असाल तर प्लीज नको. हे प्राणी नीट ठेवले तर ५ ते ८ वर्षं जगतात. आज तिसरीत असलेलं पोर तोवर दहावी-अकरावीला पोचेल आणि लेंड्या तुम्हीच काढत असाल, हे आत्ताच मान्य करून टाका आणि मगच पुढे वाचा.

आधी तीन गोष्टी, त्यांच्याशिवाय फोनसुद्धा करू नका

पहिली, डॉक्टर. गल्लीतला कुत्र्यामांजरांचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी गिनीपिग त्याने पाहिलेले असतीलच असं नाही, त्यामुळे फोन करून सरळ विचारा की तुम्ही गिनीपिग बघता का, आणि दुसरा प्रश्न असा विचारा की इन्फेक्शन झालं तर तुम्ही त्यांना कुठली अँटिबायोटिक देता. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिगच्या पोटातले चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात आणि जनावर दगावतं. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा अशी नावं आली तर माणूस जाणकार आहे. "अमॉक्सिसिलिनचे ड्रॉप्स देऊ ना" असं उत्तर आलं तर थँक यू म्हणून दुसरा नंबर शोधा. घरात लहान मुलांसाठी आणलेलं उरलेलं सिरप तर चुकूनही नाही.

दुसरी गोष्ट गवत. यांच्या खाण्यातला ऐंशी टक्के भाग वाळलेलं गवत असायला लागतो, दिवसरात्र, कधीच न संपणारं, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात, शिवाय आतडं चालू राहायला सतत तंतू लागतो. टिमोथी हे ऑनलाइन मिळतं पण बाहेरून येतं आणि महाग पडतं, ऱ्होड्स ग्रास किंवा ओट हे मिळालं तर तेही चालतं. लसूणघास सगळीकडे सहज मिळतो आणि विकणारे तोच गळ्यात मारतात, पण त्यात कॅल्शियम खूप असतं, म्हणून तो सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज दिला तर मूतखडा. गावाकडून ज्वारीचा कडबा आणू का असं बरेच जण विचारतात. नको. वाळलेला कडबा यांच्यासाठी फार जाड आणि टणक, आणि हिरवी कोवळी ज्वारी तर विषारी असते, गुरं दगावतात तिने. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक, पोट भरायला नाही.

ताजं गवत म्हणाल तर हरळी, म्हणजे आपल्या दुर्वा, यांना अगदी मनापासून आवडतात. फुलवाल्याकडच्या जुड्या आणल्यात तर सोडून स्वच्छ धुवायच्या आणि पाणी निथळू द्यायचं. सोसायटीच्या बागेतलं गवत आणणार असाल तर तिथे फवारणी होते का आणि कुत्री फिरतात का ते माळीकाकांना विचारा, आणि मशीनने कापून ढीग लावलेलं गवत आणू नका, ते आतून गरम होऊन आंबायला लागतं आणि यांची पोटं फुगतात.

तिसरी गोष्ट उन्हाळा, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय. थोडक्यात, दुपारी २७-२८ डिग्रीच्या खाली राहील अशी एक तरी खोली मे महिन्यात तुमच्या घरात असेल तर विचार करा, नसेल तर नको.

शेल्टरमध्ये जाऊन काय बघायचं

लोक जातात आणि सगळ्यात गोंडस कोण ते बघतात. रंग, केस, भोवरे हे सगळं नंतर. आपण दोन प्राणी नेत नसून त्यांचं आपसातलं जमलेलं नातं नेत असतो, तर ते नातंच बघायचं. खाण्याच्या वेळी जा आणि तिथल्या माणसाला सांगा की कोथिंबिरीची एकच जुडी टाका. दोघं एकाच जुडीवर येऊन खातात का? एकाने दुसऱ्याच्या तोंडातली काडी ओढून घेतली तर हसून सोडून द्या, तसं चालतंच. पण एक खातोय आणि दुसरा लांब कोपऱ्यात अंग चोरून बसलाय, पुढे आला की पहिला अंगावर जातोय, असं दिसलं तर ती जोडी कागदावरचीच आहे. एकमेकांना चिकटून झोपलेच पाहिजेत असं नाही, बरेच गिनीपिग हातभर अंतर ठेवून शेजारीशेजारी झोपतात आणि त्यांचं उत्तम चाललेलं असतं. एक उठून चालायला लागला की दुसरा मागे जातो का, बाहेर दाराचा आवाज झाला की दोघं एकाच बाजूला पळतात का, हे जास्त सांगून जातं.

कंबर हलवत घुर्रर्र आवाज करत फिरणं, मागे लागणं, एकमेकांवर चढणं हे सगळं नॉर्मल आहे, कोण वरचढ ते ठरवायची पद्धत आहे ती. दात कटकट वाजवणं म्हणजे वॉर्निंग. पाठीवर किंवा ढुंगणाजवळ चावल्याच्या जखमा, खपल्या असतील तर कारण विचारा.

नर-मादीच हवी असा हट्ट अजिबात करू नका. दोन माद्या सगळ्यात सोप्या. दोन नरही छान राहतात, विशेषतः भाऊ-भाऊ किंवा बाप-लेक, फक्त त्यांना जागा जास्त लागते आणि आसपास मादी नको. नर तीन महिन्यांपासून साधारण वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत वयात येण्याच्या भानगडीत असतात, भांडणं होतात ती तेव्हाच, म्हणून दोन नर घेताना शक्यतो ते वय ओलांडलेली, तरीही एकत्र टिकलेली जोडी बघा. नर आणि मादी असेल तर नराचं ऑपरेशन झालेलं हवं, आणि झाल्यावरही सहा आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, म्हणजे तारीख विचारायची. ऑपरेशन न झालेली नर-मादी कुणी देत असेल तर ते शेल्टर सोडा, कारण मादी चार-पाच आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि विल्यावर काही तासांत पुन्हा. गर्भ ५९ ते ७२ दिवसांचा, तर नर-मादी एकत्र ठेवलेल्या पिंजऱ्यातून आलेल्या माद्यांना नरापासून वेगळं करून तेवढे दिवस झाले नसतील तर पिल्लं होतील हे धरूनच न्या.

लिंग तुम्ही स्वतः बघून घ्या, पेट शॉपवाल्यांचं सर्रास चुकतं आणि तीच माहिती शेल्टरच्या कागदावर उतरलेली असते. मादीचा आकार इंग्रजी वायसारखा दिसतो, नराला वर गोल टिंब आणि हलकं दाबलं की लिंग बाहेर येतं. संकोच करू नका, फॉस्टर करणाऱ्यांना सवय असते.

मग तब्येत. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, हनुवटी कोरडी. हनुवटी ओली असेल तर दातांचा प्रॉब्लेम असू शकतो. तळपाय उलटून बघा, जाळीवर ठेवलेल्यांचे तळवे लाल होतात, सुजतात, त्यात पू होतो, आणि बरं व्हायला महिने जातात. अंगाला कान लावा, श्वासात करकर नको. केस गळून खपल्या आल्या असतील आणि खाजवताना जनावर झटके देत असेल तर खरजेचे किडे, गोल चट्टे असतील तर बुरशी म्हणजे गजकर्ण, जे तुमच्या मुलांनाही होऊ शकतं. हे दोन्ही बरे होतात, त्यासाठी जोडी नाकारायची गरज नाही, फक्त ट्रीटमेंट सुरू आहे ना, आणि दोघांची सुरू आहे ना, ते विचारा. एकालाच औषध देणं म्हणजे पैसे फुकट.

आणि सशासोबत राहत होते का तेही विचारा. पेट शॉपवाले दोघांना एकाच पिंजऱ्यात कोंबतात पण सशाच्या अंगात राहणारा बॉर्डेटेला नावाचा जंतू सशाला काही करत नाही आणि गिनीपिगला न्यूमोनिया देतो. तुमच्या घरी ससा असेल तर खोल्या वेगळ्या.

फॉर्म, फी, व्हिडिओ कॉल

आधारची कॉपी मागतील, पिंजऱ्याचा व्हिडिओ मागतील, घरी भाड्याने राहता का, मालकाला चालतं का, बाहेरगावी गेलात तर कोण बघणार, सगळं विचारतील, आणि फी पण घेतील. याचा राग येणारे खूप आहेत, "आम्ही उपकार करतोय आणि हे चौकशा करतायत". उलट जो काहीच न विचारता पिशवीत घालून देतो त्याच्याकडून घेऊ नका. फुकट मिळालेली जनावरं पुढे विकणारे पण फिरत असतात, फी त्यांच्यासाठी असते. फॉर्मवर एक ओळ मात्र नक्की बघा, सांभाळणं जमलं नाही तर दोघांना एकत्रच परत घेतील अशी. नसेल तर लिहून घ्या.

पिंजरा विकत घेऊ नका, बनवा

दुकानात मिळणारे रंगीत पिंजरे हॅमस्टरसाठीसुद्धा लहान असतात. दोघांना कमीत कमी साडेसात चौरस फूट जमीन लागते, साडेदहा असेल तर उत्तम, आणि नरांना साडेदहाच धरा. मजले करून जागा भरून निघत नाही, हे प्राणी चढत नाहीत, पळतात. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कपाट जोडायच्या लोखंडी जाळ्या ऑनलाइन मिळतात त्या केबल टायने जोडायच्या, रुंदीला दोन आणि लांबीला चार, आणि तळाला फ्लेक्स बोर्डवाल्याकडून सनपॅक शीट (प्लास्टिकचा पोकळ पुठ्ठा) आणून कडा वर वळवून ट्रे करायचा. घरात मांजर असेल तर वर झाकण.

खाली फ्लीसचं ब्लँकेट आणि त्याखाली जुने टॉवेल. नवीन फ्लीस दोनतीनदा गरम पाण्यात धुतल्याशिवाय पाणी खाली सोडत नाही, वरच तळं साचतं, आणि धुताना कम्फर्ट वगैरे घालू नका. सुताराकडचा भुसा आणू नका, त्यात प्लायचा गोंद आणि बारीक धूळ असते आणि यांची फुप्फुसं नाजूक. लपायला घरं हवीत, दोघांना दोन, जमल्यास तिसरं, आणि प्रत्येकाला दोन दारं. हे दोन दारांचं लोक हसण्यावारी नेतात, पण एकच दार असेल तर वरचढ असलेला दारात बसतो आणि दुसरा आत अडकतो, मग चावाचावी. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन बाजूंनी भोकं पाडली तरी काम झालं. पाण्याच्या बाटल्या दोन, गवताचे ढीग दोन.

जागा निवडताना स्वयंपाकघर टाळा, मिक्सर, कुकरची शिट्टी, फोडणीचा धूर. टीव्हीच्या शेजारी नको, बाल्कनीत तर अजिबात नको, ऊन, पाऊस, कावळे, घार, मांजर सगळं तिथेच असतं.

आणायचा दिवस आणि पहिला आठवडा

पिंजरा पूर्ण तयार झाल्यावरच आणायला जा. दोघांना एकाच कॅरियरमध्ये, मुलं दोन आहेत म्हणून प्रत्येकाच्या मांडीवर एकेक खोकं असला प्रकार नको, त्या प्रवासात एकमेकांचा वास हाच त्यांना आधार असतो. कॅरियरमध्ये भरपूर गवत, पाण्यासाठी काकडीचा तुकडा, बाटली लावलीत तर गळून सगळं ओलं होतं. सकाळी लवकर निघा. स्कूटरच्या डिकीत ठेवून आणणारे महाभाग आहेत म्हणून लिहितेय, नको.

शेल्टरमध्ये जे खात होते तेच थोडं सोबत मागून घ्या, आणि वापरलेल्या फ्लीसचा एक तुकडाही. घरी आल्यावर सोडा आणि बाजूला व्हा. शेजारपाजारचे बघायला येतील, त्यांना चार दिवसांनी बोलवा. आंघोळ घालू नका. लपून बसतील, तुमच्यासमोर खाणार नाहीत, त्यात विशेष काही नाही, पण रात्रीतून गवत कमी झालं का आणि लेंड्या पडल्या का ते सकाळी बघायचंच. बारा तास कुणी एकाने काही खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन, चोवीस तास म्हणजे इमर्जन्सी. यांचं आतडं एकदा थांबलं की चालू करणं अवघड असतं, उद्यावर ढकलू नका.

नवीन जागेत जमलेली जोडी पण थोडी बिथरते. घुर्रर्र, पाठलाग, चढाचढी पुन्हा सुरू होईल, दोनतीन दिवस चालेल, आणि तुम्हाला वाटेल आता मारून टाकतील एकमेकांना. बघत रहा, हात घालू नका, आणि घाबरून लगेच वेगळं करू नका, दरवेळी वेगळं करून परत ठेवलं की भांडण पहिल्यापासून सुरू होतं. रक्त आलं किंवा दोघं गुंडाळी होऊन लोळायला लागले तरच मध्ये पडा, तेही जाड टॉवेल नाहीतर केर भरायची सुपली घालून, उघड्या हाताने गेलात तर टाके पडतील. मग मध्ये जाळी घालून शेजारीशेजारी ठेवा म्हणजे दिसणं, वास घेणं चालू राहतं, आणि एकदोन दिवसांनी दोघांचाही हक्क नाही अशा जागी, म्हणजे बेडरूमच्या फरशीवर चादर घालून, गवताच्या मोठ्या ढिगावर पुन्हा भेटवा.

पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे एक चक्कर, दोघांना घेऊन, भले तपासायचं एकालाच असो. हात लावायची सवय हळूहळू. जमिनीवर बसा, समोरून हात न्या, वरून झडप घातल्यासारखा हात आला की त्यांना घारच वाटते. मुलांसाठी नियम एकच, जमिनीवर बसूनच मांडीत घ्यायचं, मागचे पाय हाताने आधार देऊन. उभ्याने घेऊन सुटला तर पाठीचा कणा मोडतो.

रोजचं खाणं

आपल्यासारखंच यांच्या शरीरात व्हिटॅमिन सी तयार होत नाही, रोज खाण्यातूनच द्यावं लागतं, किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम. आपल्याकडे हे सोपं आहे. शंभर ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत साधारण ८० मिलिग्रॅम असतं, लाल-पिवळीत त्याहून जास्त, म्हणजे प्रत्येकी एक मोठी फोड झाली की काम भागतं. पाण्यात थेंब टाकायची औषधं विकतात त्यात अर्थ नाही, उजेडात सी उडून जातं आणि चव बदलली म्हणून जनावर पाणी पिणं सोडतं.

त्यासोबत कोथिंबीर, लेट्यूस, काकडी, मक्याच्या कणसाची हिरवी सालं (ही तर भाजीवाला फुकट देतो, आणि ती बघून दोघं जो काही आरडाओरडा करतात तो ऐकण्यासारखा असतो), घरी कुंडीत लावलेले गव्हांकुर. पालक आणि माठ क्वचित, कोबी-फ्लॉवर थोडं, गाजर-पेरू खाऊ म्हणून. पोळी, बिस्किट, दूध, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, बटाटा, कांदा, लसूण काहीच नाही, आजी-आजोबांना हे प्रेमाने पण ठामपणे सांगावं लागतं. पेलेट्स (दाबून केलेल्या तयार खाण्याच्या गोळ्या) माणशी चमचा-दोन चमचे पुरे, रंगीत दाणे आणि बिया मिसळलेलं पाकीट घेऊ नका.

दर रविवारी भाजीच्या डिजिटल काट्यावर दोघांचं वजन करून लिहून ठेवा. मोठा गिनीपिग साधारण ७०० ग्रॅम ते सव्वा किलो. पन्नास ग्रॅम कमी झालं तर लक्ष ठेवा, शंभर झालं तर डॉक्टर. आजारी असल्याचं हे प्राणी शेवटपर्यंत दाखवत नाहीत, काटा दाखवतो, आणि जोडीत असताना कोण खात नाहीये ते ढिगावरून कळत नाही म्हणून काटा जास्तच महत्त्वाचा.

उन्हाळा, पावसाळा, फटाके

यांना घाम येत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याचा उपयोग फार कमी. एसी असेल तर २५ वर ठेवा, थेट झोत नको. नागपूर, अकोला, संभाजीनगरकडे हवा कोरडी असते तिथे कूलर आणि वाळ्याचे पडदे खरंच काम करतात. मुंबई-कोकणात नाही, तिथे हवेतच इतका दमटपणा की कूलरने खोलीचं न्हाणीघर होतं. पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून सुती मोज्यात घालून पिंजऱ्यात आडव्या ठेवा, शेजारी एकदोन फरशीचे तुकडे, दोघांना दोन म्हणजे मारामारी नाही. लोडशेडिंग असेल त्या भागात दुपारी घरात कुणीतरी पाहिजे. आडवं पसरून पडलाय, लाळ गळतेय, भराभर श्वास चाललाय म्हणजे उष्माघात. साध्या गार पाण्याने कान, पाय ओले करा, बर्फाचं पाणी नको, आणि निघा डॉक्टरकडे.

पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. वास घेऊन बघा, कुबट आला तर फेकून द्या, कितीही महाग असो. सुती पिशवीत, जमिनीपासून वर ठेवा आणि एका वेळी महिन्याभराचंच घ्या. फ्लीस वाळत नाही म्हणून निदान तीन सेट लागतात.

दिवाळीत आणि विसर्जनाच्या डीजेच्या दिवशी पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, अर्ध्या पिंजऱ्यावर चादर, गवत दुप्पट. गणपतीला गावी जाणार असाल तर दोघांना एकत्रच कुणाकडे तरी ठेवा, एक मावशीकडे आणि एक मित्राकडे असली वाटणी नको. भरपूर खाणं ठेवून दोन दिवस कुलूप लावून जाणंही नको.

एक गेला तर

जोडी घेतलीत म्हणजे हा दिवस येणारच, एक आधी जातो. घरी गेला असेल तर त्याला लगेच उचलून नेऊ नका, तासभर तिथेच राहू द्या, दुसरा येऊन वास घेतो, काही जण ढोसून बघतात, मग बाजूला जातात. संसर्गाचा आजार असेल तर हे करू नका, डॉक्टरला विचारा. पुढचे काही दिवस उरलेल्याचं वजन रोज करा, कारण काही जण खाणंच सोडतात. पिंजरा पूर्ण धुऊन टाकायची घाई नको, तो वास थोडे दिवस राहू द्या.

मग दुसरा सोबती. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटा ठेवणं कायद्यानेच बंद आहे. आपल्याकडे तसं काही नाही पण गरज तीच. पेट शॉपमधून पिल्लू आणून सोडण्यापेक्षा ज्या शेल्टरमधून जोडी आणली त्यांनाच फोन करा, त्यांच्याकडे बरेचदा असाच जोडीदार गमावलेला एखादा असतो, आणि तुमच्याकडच्याला कॅरियरमध्ये घालून तिथेच नेऊन भेटवता येतं, कोण कोणाला पसंत करतं ते तिथेच दिसतं. मादी असेल तर ऑपरेशन झालेला नर बहुतेक वेळा सहज जमतो. तिथे न भेटवता थेट घरी आणलात तर नवीन आलेल्याला दोनतीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून मगच भेटवायचं, खरूज आणि सर्दी तेवढ्यात कळते. आणि चक्र इथेच थांबवायचं असेल, म्हणजे यापुढे गिनीपिग नकोच असं ठरलं असेल, तर उरलेल्याला त्या शेल्टरला परत द्या किंवा त्यांच्याकडूनच एखादा म्हातारा सोबती फॉस्टर म्हणून मागा, बरेच जण आनंदाने देतात, खाण्याचा खर्च तुमचा आणि नंतर तो परत त्यांचा, असं आधीच बोलून घ्या.